नानांचा कॉम्प्युटर लिनक्सवर न्यायच्या आधी (फॉन्ट! फॉन्ट!)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून नात्यातले सगळे मलाच फोन करतात, अरे आमचा जुना डबा विंडोज ११ घेतच नाही म्हणतोय, काय करू. नाहीच घेणार, ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर त्याला चालत नाही. पण चालता पीसी भंगारवाल्याला कशाला द्यायचा? विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाका, सोबत लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी, घरचं काम झालं. हे मी सगळ्यांना सांगतो आणि सांगत राहणार. फक्त आधी तयारी करा, कारण मागच्या दिवाळीत इंदूरच्या सुदामा नगरला नानांकडे मी बिनतयारीचा बसलो होतो आणि काकू अजून पोह्यांची बशी पुढे करताना तो विषय काढतेच.

तर आधी फॉन्ट. बॅकअप नाही, पेनड्राइव्ह नाही, फॉन्ट. नाना सरकारी नोकरीतून रिटायर, टायपिंग सगळं कृती देव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये. अकरा वर्षं बसून त्यांनी घराण्याची वंशावळ, आजीच्या पाककृती, मंडळाच्या सभांचे वृत्तांत असं सगळं टाइप करून ठेवलेलं. मी शहाण्यासारख्या फाइली एक्स्टर्नल डिस्कवर घेतल्या, दोनदा तपासल्या, आणि पीसी फॉरमॅट मारला. संध्याकाळी वंशावळ उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. नाना काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले, ते जास्त लागलं.

झालेलं असं की या जुन्या फॉन्टांत मराठी मराठी म्हणून साठतच नाही. तुम्ही ‘मराठी’ टाइप करता, आत साठतात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्ट त्यांच्या जागी म, र, काना, ठ, वेलांटी काढून दाखवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. फाइल शाबूत असते पण वाचता येत नाही. म्हणजे बॅकअप घेऊनसुद्धा बॅकअप नाही.

ओळखायचं कसं, तर फाइलमधल्या दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड आहे, म्हणजे मराठी मराठी म्हणूनच साठलेली आहे, फॉन्ट मंगल किंवा निर्मला वगैरे असेल, झोपा निवांत. कचरा दिसला तर वर्डमध्ये त्या मजकुरावर क्लिक करून फॉन्टचं नाव कागदावर लिहा, कृती देव, शिवाजी, श्री-देव, आकृती, जे असेल ते आकड्यासकट, कारण एकाच नावाची भावंडं खूप असतात. मी नंतर मल्हारगंजातल्या एका प्रेसवाल्याकडून ‘तोच’ फॉन्ट आणला तर तो भलताच निघाला, जोडाक्षरांच्या जागी चौकोन. मग विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. आणि हे नीट वाचा, फोल्डर दोन असतात! सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधला एक सगळ्यांना माहीत असतो, पण विंडोज १० च्याच पुढच्या अपडेटांपासून साधा डबल क्लिक करून टाकलेला फॉन्ट युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये जाऊन बसतो, तिथेही बघा. वर शिवाय, महत्त्वाच्या फाइलींची विंडोजवरच पीडीएफ करून ठेवा, पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच बसतो, म्हणजे काहीही झालं तरी वाचता तरी येईल.

बाकीचा बॅकअप घ्याच, तो काय सांगायचा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स पण घ्या, घरची मंडळी सगळं तिथेच टाकतात.

मग घरातल्यांना विचारा की कॉम्प्युटरवर नेमकं काय करता, आणि ‘काही नाही रे, असंच’ या उत्तरावर विश्वास ठेवू नका, शेजारी बसून बघा. बँक, रेल्वेचं तिकीट, यूट्यूब, हे ब्राउझरमधलं आहे, चिंता नाही. दूध-पेपरच्या हिशोबाची एक्सेल लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडते, आत मॅक्रो (छोटे प्रोग्रॅम) असतील तर मात्र आधी तपासा. पत्राची मांडणी थोडी हलेल, कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो येतो, मापं तीच असतात म्हणून फार फरक पडत नाही. फोटो कापायला-उजळायला गिम्प, पण नानांसारख्यांना तो दाखवू नका, घाबरतील. टॅली मात्र लिनक्सवर थेट चालत नाही, घरात कोणी टॅलीवर हिशोब लिहीत असेल तर विंडोज पुसूच नका, मिंटच्या शेजारी ठेवा. डिजिटल सहीचं टोकन असेल तरी तेच.

प्रिंटर. एचपीचे बहुतेक चालतात. कॅनन एलबीपी २९०० दर तिसऱ्या घरात आहे आणि त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो, नुसती वायर जोडून होत नाही. म्हणून आधी मिंट पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, इन्स्टॉल न करता. मिंटची आयएसओ फाइल तीन जीबीच्या आसपास, रुफस किंवा एचर या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा, त्यावरून कॉम्प्युटर चालू करा, आणि तपासा वायफाय, आवाज, प्रिंटर, आणि हो, कृती देवची फाइल! पेनड्राइव्हवरचा फॉन्ट डबल क्लिक करून टाका, लिबरऑफिसमध्ये फाइल उघडा, मराठी दिसली की नाही ते नानांना खुर्चीवर बसवून वाचून घ्या. तुम्ही नाही, नानांनी वाचायचं, जोडाक्षरं त्यांनाच कळतात. फॉन्ट बसला की टायपिंग पण पूर्वीसारखंच होतं कारण कृती देव इंग्रजी कीबोर्डवरच चालतो, रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीचा सराव असलेल्या माणसाला इनस्क्रिप्ट हा वेगळा कीबोर्ड शिकवायच्या भानगडीत पडू नका, भांडणं होतात.

पासवर्ड ब्राउझरमधून काढून घ्या. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू आहे का बघा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा, आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर मिंटमधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

मग इन्स्टॉल. अर्धा तास. रॅम चार जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, जास्त असेल तर सिनॅमन. आयकॉन जुन्याच जागी ठेवा, फाइलींची नावं बदलू नका, अपडेट एकदा चालवा, व्हीएलसी टाका, झालं.

फॉरमॅटचं बटण दाबायच्या आधी पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून परत बघा, फॉन्टच्या फाइली आहेत का. शॉर्टकट नाही, खऱ्या फाइली. नानांची वंशावळ शेवटी त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या एका मित्राच्या पीसीतून फॉन्ट आणला तेव्हा उघडली, एकोणीस दिवसांनी.