स्काउटचा गणवेश आणि दीक्षाविधी: कापड घेण्यापासून वचनापर्यंत

जून लागला की जळगाव-धुळ्याच्या कापड दुकानांत शाळेच्या गणवेशांची झुंबड उडते. त्या गर्दीत दोन-चार पालक 'स्काउटचं कापड द्या' म्हणून उभे असतात आणि दुकानदार बिनदिक्कत खाकीचा तागा उलगडतो. जुन्या फोटोंत स्काउट खाकीतच दिसतो, त्यामुळे पालकांनाही शंका येत नाही. भारत स्काउट्स आणि गाईड्सच्या स्काउटचा आजचा शर्ट मात्र स्टील ग्रे, म्हणजे पोलादी करड्या रंगाचा असतो आणि पँट नेव्ही ब्लू. तेव्हा दुकानात शिरण्यापूर्वी शाळेतल्या स्काउट मास्तरांना विचारा, जमलं तर कापडाचा तुकडाच मागून घ्या. करड्याच्या दहा छटा मिळतात आणि रांगेत उभं राहिल्यावर त्या दहाही दिसतात.

कपड्यांइतकाच क्रमही महत्त्वाचा. आधी शर्ट-पँट, मग नियम आणि वचन यांची तयारी, मग दीक्षाविधी, म्हणजे वचन देऊन पथकात दाखल होण्याचा सोहळा, आणि त्या विधीत स्कार्फ व सदस्यत्वाचा बिल्ला. पुष्कळ शाळांत हे नेमकं उलटं होतं. १५ ऑगस्टच्या संचलनाला मुलं हवीत म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळा संच विकत आणायचा, टेलरकडून एका रात्रीत सगळे बिल्ले मारून घ्यायचे, आणि वचन? ते पुढे कधीतरी. ज्या मुलाच्या खिशावर बिल्ला आयताच आला, त्याला दीक्षेच्या दिवशी देण्यासारखं आपल्याकडे काही उरत नाही. म्हणून शर्ट कोरा शिवून घ्या आणि कोराच राहू द्या. संचलनात कोऱ्या शर्टाचा मुलगा चालला तर काही बिघडत नाही.

शर्ट शिवताना

टेलरला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: छातीवर दोन खिसे, वरून लावलेले, फ्लॅप आणि बटणासकट, दोन्ही खांद्यांवर शोल्डर स्ट्रॅप, आणि खिसा बिल्ला मावेल एवढा रुंद. तिसरी गोष्ट टेलर हमखास विसरतात. दहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा खिसा लहान निघतो आणि मग बिल्ला शिवणीवर चढतो. नेव्ही ब्लू हाफ पँट की फुल, हे पथकानं एकदाच ठरवावं आणि सगळ्यांनी तेच घालावं. काळे बूट, काळे मोजे, संस्थेचं बक्कल असलेला पट्टा आणि नेव्ही ब्लू बेरे टोपी. टोपीचा बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर येतो आणि टोपीचा उतार उजव्या कानाकडे. गाईड मुलींचा पोशाख आकाशी निळ्या रंगाचा. त्याचा नेमका नमुना कंपनीच्या, म्हणजे गाईडच्या पथकाच्या, कॅप्टनताईंकडून घ्यावा.

शर्ट शिवून आला की बिल्ला लावण्याआधी एकदा धुऊन वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, बिल्ला आटत नाही, आणि मग खिशाला कायमची चुणी पडते.

स्कार्फ

स्कार्फ त्रिकोणी असतो आणि त्याच्या दोन समान बाजू ७० ते ८० सेंमी असतात. एकेक मुलाला दुकानातून घ्यायला लावण्यापेक्षा पथकानं कापड आणून कापलेलं स्वस्त पडतं. ३६ इंच पन्ह्याचं कापड घ्या, ८० सेंमीचा चौकोन कापा, तो कर्णावर कापला की दोन स्कार्फ. ६ मुलांचा एक संघ धरला तर चार संघांच्या पथकाला १२ चौकोन लागतात, म्हणजे १० मीटर कापड पुरतं. कडा दुमडून शिवल्यावर बाजू थोडी कमी होते, तरी मापात बसते.

रंग पथकाचा स्वतःचा, पण जांभळा, पिवळा आणि हिरवा सोडून. रावेर-यावलकडच्या मुलांना विचारलं तर केळीच्या पानाचा हिरवा पहिला सुचणार, त्यांना आधीच सांगून ठेवा. ठरलेल्या रंगाला जिल्हा संस्थेची संमती घ्यावी, म्हणजे मेळाव्यात शेजारच्या तालुक्याचं पथक त्याच रंगात समोर येत नाही.

आता गुंडाळणं. मुलं स्कार्फ गळ्यात टाकून मग पिळतात, तो सुतळीसारखा होतो. त्यापेक्षा स्कार्फ बाकावर पसरा, लांब कड आपल्याकडे आणि टोक पलीकडे. दोघांनी लांब कडेची दोन टोकं धरून ताणायची आणि बोटभर रुंदीच्या सपाट घड्या टोकाच्या दिशेनं घालत जायच्या. पाठीवर तळहाताएवढा त्रिकोण राहील इतकं कापड उरलं की थांबा. घडी न सोडता स्कार्फ कॉलरवरून गळ्यात घ्या, दोन्ही टोकं वॉगलमधून (स्कार्फ अडकवायच्या कड्यातून) ओवा आणि वॉगल वर सरकवा. गळ्याशी आवळू नका, मेमधल्या खान्देशी उन्हात ते मूल घामाघूम होईल. खालची दोन टोकं एका लांबीची हवीत. त्यांच्या शेवटी एक छोटी गाठ मारून ठेवायची जुनी पद्धत आहे: दिवसाचं सत्कृत्य झालं की ती सोडायची. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना ही गाठ फार आवडते, आणि मोठ्यांच्या भाषणापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

कोणता बिल्ला कुठे

दीक्षेनंतरच्या आठवड्यात घरोघरी एकच प्रश्न निघतो. आई सुईदोरा घेऊन बसलेली असते आणि आतून आवाज येतो, "दादा, हाऊ बिल्ला कथा लावाना शे?" म्हणजे हा बिल्ला कुठे लावायचा? उत्तर असं:

सदस्यत्वाचा बिल्ला, हिरव्या जमिनीवर पिवळं कमळासारखं तीन पाकळ्यांचं चिन्ह, डाव्या खिशाच्या मधोमध. जागतिक स्काउट बिल्ला, जांभळ्या जमिनीवरचा, उजव्या खिशाच्या मधोमध. पथकाच्या नावाची वळणदार पट्टी, पांढऱ्यावर लाल अक्षरं, दोन्ही बाह्यांवर खांद्याच्या शिवणीच्या लगेच खाली. संघाच्या रंगाच्या पट्ट्या डाव्या खांद्यावर त्या पट्टीखाली. संघनायकाच्या दोन उभ्या पट्ट्या डाव्या खिशावर, सहायकाची एक. सोपान, म्हणजे प्रगतीचे टप्पे, पूर्ण होत जातात तसे त्यांचे बिल्ले डाव्या बाहीवर आणि कौशल्याचे बिल्ले उजव्या बाहीवर. प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, अशी ही चढण आहे. वरचा बिल्ला आला की खालचा काढायचा. सगळे एकाखाली एक लावून बाही भरवणं ही हौस झाली, पद्धत नव्हे.

मेळाव्यांत मिळालेले रंगीबेरंगी बिल्लेही मुलांना शर्टावर हवे असतात. ते शेकोटीला पांघरायच्या घोंगडीवर शिवा. तिथे कितीही लावा, कोणी मोजत नाही.

बिल्ले जिल्हा किंवा राज्य संस्थेच्या स्काउट शॉपमधूनच घ्यावेत. बाजारातल्या नकलांचा हिरवा रंग दोन धुण्यांत शर्टावर उतरतो. भुसावळच्या रेल्वे पथकांनी मात्र आपल्या रेल्वेच्या संस्थेकडेच विचारावं, कारण स्काउट चळवळीत रेल्वेला राज्यासारखाच स्वतंत्र दर्जा आहे.

दिवस कोणता निवडावा

संस्थेचा स्थापना दिन ७ नोव्हेंबर (१९५०), पण तो बहुतेकदा दिवाळीच्या सुटीत सापडतो. २२ फेब्रुवारी हा स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचा जन्मदिवस, तेव्हा शाळा भरलेली असते आणि ऊनही अजून तापलेलं नसतं. तिसरा पर्याय १ ऑगस्ट. १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरचं पहिलं स्काउट शिबिर याच दिवशी सुरू झालं, म्हणून जगभर हा स्कार्फ दिन. आपल्याकडे त्याच दिवशी टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती असते, त्यामुळे मैदान, माइक आणि पाहुणे आयते मिळतात. कोणताही दिवस घ्या, वेळ सकाळची ठेवा.

ध्वज बांधणं

विधीत फजिती होते ती बहुधा इथे. स्काउटचा ध्वज गडद निळा, मध्ये पिवळं चिन्ह, माप १८० बाय १२० सेंमी. ध्वज आधी लांबीत दुमडून पट्टी करा, मग मोकळ्या कडेकडून दोरीच्या कडेपर्यंत पंख्यासारख्या घड्या घाला. खालच्या दोरीचे दोन वेढे घडीभोवती घ्या आणि दोरी ओढून पार न काढता तिचा फक्त फास वेढ्यांखाली खोचा. वेढा सैल राहिला तर ध्वज वर जातानाच उघडतो, फार आवळला तर खाली सगळे सलामीत उभे आणि वर गाठोडं. आदल्या संध्याकाळी त्याच खांबावर, त्याच दोरीनं ध्वजनायकाकडून हे करून घ्या आणि एका झटक्यात सुटतो का ते बघा. वाऱ्याचा अंदाजही तेव्हाच येतो.

त्याच मैदानावर राष्ट्रध्वज असेल तर रांगेत उजवीकडची (प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावर) पहिली जागा त्याची, आणि कोणताही ध्वज त्याच्याहून उंच नसावा. राष्ट्रध्वज झपाट्यानं चढवायचा आणि सावकाश उतरवायचा. स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताक दिनाला त्याच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची हरकत नाही, बाकी काहीही त्यात गुंडाळू नये. नंदुरबारच्या मुलांना हे नियम शिकवताना शिरीषकुमार मेहता यांची गोष्ट सांगावीच लागते. ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा हातात घेऊन निघालेला हा मुलगा आपल्याच गावात पोलिसांच्या गोळीला बळी पडला, तेव्हा तो १५ वर्षांचा होता, संघनायकाच्याच वयाचा.

विधीचा क्रम

पथक घोड्याच्या नालेच्या आकारात उभं राहतं. सारंगखेड्याचा घोडेबाजार पाहिलेल्या मुलांना हा आकार समजावून सांगावा लागत नाही. नालेच्या उघड्या तोंडाशी खांब आणि जवळ स्काउट मास्तर.

प्रथम प्रार्थना, मग ध्वजनायक पुढे येऊन ध्वज उघडतो, एक पाऊल मागे सरून सलामी देतो, सगळे त्याच्याबरोबर सलामी देतात, आणि ध्वजगीत होतं. प्रार्थना ९० सेकंदांची, ध्वजगीत ४५ सेकंदांचं, राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. तालमीत घड्याळ लावा. आपली मुलं प्रार्थना भजनासारखी लांबवतात.

सलामी तीन बोटांची, अंगठा करंगळीवर. तीच तीन बोटं वचनाच्या वेळी, पण कोपर वाकवून हात खांद्याच्या उंचीला आणि तळवा समोर. दोन्हींत मुलांची गल्लत होते, म्हणून वेगवेगळ्या दिवशी शिकवा.

आता संघनायक नव्या मुलाला घेऊन पुढे येतो आणि त्याची ओळख करून देतो. मास्तर त्याला विचारतात: आपल्या शब्दाची किंमत तुला कळते का? नियम माहीत आहेत का? तुझ्यावर विश्वास ठेवू का? ही उत्तरं मुलानं स्वतःच्या भाषेत दिली तरी चालतात; अहिराणीत दिली तर आणखी बरं. मग सगळं पथक सावधान होऊन खूण करतं आणि मुलगा वचन म्हणतो: ईश्वराप्रति आणि देशाप्रति कर्तव्य, इतरांना मदत, स्काउट नियमांचं पालन. 'ईश्वर' ऐवजी 'धर्म' म्हणण्याची मुभा आहे, ते आधी ठरवून ठेवा. वचन तुकड्या-तुकड्यानं मागून म्हणायला लावू नका. ज्याला पाठ नाही त्याची दीक्षा पुढच्या वेळी.

वचन झालं की मास्तर बिल्ला लावतात. तेव्हा तो सेफ्टी पिननं लावायचा, शिवायचा नंतर घरी. सहायक मास्तर स्कार्फ घालतात, संघनायक टोपी देतो, आणि डाव्या हातानं हस्तांदोलन होतं. बेडन-पॉवेल यांना हे आफ्रिकेतल्या अशांती योद्ध्यांकडून मिळालं असं सांगतात: ढाल डाव्या हातात असते, तो हात पुढे करायचा तर ढाल खाली ठेवावी लागते. शेवटी नवा स्काउट पथकाकडे वळतो, पथक त्याला सलामी देतं, तो उलट देतो आणि आपल्या संघात जाऊन उभा राहतो.

एका दिवशी पाच-सहाच मुलांना दीक्षा द्या. चाळीस जणांना ओळीनं उभं करून एकदम वचन म्हणवून घेणं म्हणजे हजेरी झाली. पालकांना बोलवा, पण त्यांना नालेच्या बाहेर बसवा. मोबाइल घेऊन आत शिरणाऱ्या काकांना अडवायला एक शिक्षक आधीच नेमून ठेवा.

ध्वज सूर्यास्तापूर्वी उतरवा, कोरडी घडी करून कपाटात ठेवा, आणि पथकाच्या नोंदवहीत दीक्षा घेतलेल्यांची नावं व तारीख त्याच दिवशी लिहा. पुढच्या सोपानाच्या वेळी जिल्हा संस्था पहिल्यांदा तीच तारीख मागते.