तातार दंतकथांमधला पुगाचोव कसा वाचावा

रशियातला बंडखोर येमेल्यान पुगाचोव याच्याविषयीच्या तातार, म्हणजे व्होल्गा नदीकाठच्या मुस्लिम समाजाच्या, दंतकथा अभ्यासायच्या असतील, तर आधी कागदोपत्री इतिहास वहीच्या एका पानावर वेगळा उतरवून घ्यावा. डॉन नदीकाठचा हा कोसॅक, म्हणजे सीमेवरच्या लढाऊ घोडेस्वार समाजातला माणूस, १७७३ मध्ये उठला आणि १७६२ मध्येच पदच्युत होऊन मेलेला झार तिसरा पीटर तो मीच, असे त्याने जाहीर केले. जुलै १७७४ मध्ये त्याच्या फौजेने कझान शहर घेतले, शहर जळाले, पण तिथला किल्ला तिच्या हाती लागला नाही. जानेवारी १७७५ मध्ये मॉस्कोत त्याला देहान्त शिक्षा झाली. हे पान उघडे ठेवून कथा वाचली, म्हणजे ती कुठे वाट सोडते ते लगेच दिसते, आणि माझ्या मते खरा ऐवज तिथेच असतो.

पहिली खूण नावावर करावी. पुण्यातल्या वाचकाच्या ओठांवर इथे ‘तोतया’ हाच शब्द येतो, कारण पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेल्या माणसाला याच शहरात १७७६ मध्ये, म्हणजे पुगाचोवनंतर दोन वर्षांच्या आत, मृत्युदंड दिला गेला. सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासवर्गात मीही सुरुवातीला हाच शब्द फळ्यावर लिहिला होता आणि पुढे तो पुसावा लागला. तोतया हा दरबाराने दिलेला निकाल आहे, गावकऱ्यांनी जपलेली आठवण नव्हे. तातार भाषेत झारला ‘पातशा’ म्हणतात, जो आपल्या बखरींतल्या पातशहाचाच सख्खा भाऊ. तेव्हा सांगणारा त्याला पातशा मानून बोलतो की नुसता ‘पुगाच’ म्हणतो, हे प्रत्येक कथेत टिपावे.

त्यानंतर लोकांनी त्याच्यावर विश्वास का ठेवला असेल, हे पाहावे. १७४० च्या दशकात कझान प्रांतातल्या ५३६ मशिदींपैकी ४१८ पाडल्या गेल्या होत्या, आणि पुगाचोवचे जाहीरनामे तर तातार भाषेतही निघत, ज्यांत जमीन, पाणी आणि आपापला धर्म पाळण्याची मोकळीक यांचे वचन असे. हे ध्यानात ठेवल्याशिवाय कथेतल्या बंडखोराचे औदार्य नुसता अलंकार वाटू लागते.

सर्वांत जपून हाताळावी अशी गोष्ट म्हणजे त्याची शत्रू. ज्या रशियन सम्राज्ञी कॅथरीनविरुद्ध तो उठला, तिला तातार लोकस्मृती ‘एबी पातशा’, म्हणजे आजी पातशा, अशी हाक मारते. कझानच्या मशिदीच्या उंचीबद्दल तक्रार गेली, तेव्हा जमिनीवरची जागा मी नेमून दिली, आकाश माझ्या अखत्यारीत नाही, असे ती म्हणाल्याची आख्यायिका आजही सांगितली जाते. बंडखोर आणि राणी दोघेही एकाच समाजाच्या मायेत मावतात, हे पटायला मला वेळ लागला. म्हणून दोघांच्या कथा एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर लिहाव्यात.

पुरलेला खजिना आणि पुगाचच्या नावाच्या टेकड्या हे व्होल्गा-उरल भागातले नेहमीचे धागे आहेत. त्यांची नुसती नोंद पुरे. मात्र १७५५ च्या उठावाचा बातिरशा आणि बश्कीर जमातीचा सलावत युलायेव यांची पाने वेगळी ठेवावीत. पहिला मुल्ला होता, दुसरा पुगाचोवचाच सहकारी, आणि कथांच्या तोंडी संग्रहात ही नावे एकमेकांच्या जागी सहज सरकतात.