जोडीदाराला कॅनडात आणायचंय? स्पॉन्सरशिपची फाइल अशी लावा

कागद सगळे असतात, पण एक कागद एक सांगतो आणि दुसरा दुसरंच, तिथे फाइल अडते. पासपोर्टवर एक नाव, विवाह दाखल्यावर दुसरं. लग्नाची तारीख पत्रिकेत डिसेंबरची, रजिस्टरमध्ये जुलैची. तुमच्या घरात याचं कारण सगळ्यांना माहीत असतं, पण फाइल बघणाऱ्या अधिकाऱ्याला ते कुणीच सांगितलेलं नसतं. म्हणून फॉर्म उघडण्याआधी दोघांचे सगळे कागद टेबलावर मांडा आणि नावं, तारखा, पत्ते एकमेकांशी ताडून बघा. हे काम एका रविवारचं आहे. नंतर करायला गेलात तर महिने जातात.

आधी तुम्ही स्पॉन्सर करू शकता का ते बघा. वय १८ पूर्ण हवं आणि नागरिकत्व किंवा पीआर (परमनंट रेसिडेन्सी, म्हणजे कायम राहण्याचा हक्क) हवं. स्टडी किंवा वर्क परमिटवर असाल तर हा रस्ता नाही. पीआर असाल तर अर्ज करताना आणि नंतरही कॅनडातच राहत असायला हवं. नागरिक बाहेरून अर्ज करू शकतो, पण जोडीदार पीआर झाल्यावर आपण स्वतः कॅनडात राहायला येणार हे त्याला दाखवावं लागतं. तुम्ही स्वतः कुणाचा नवरा किंवा बायको म्हणून स्पॉन्सर होऊन पीआर झाला असाल, तर त्या तारखेपासून ५ वर्षं तुम्हाला कुणा नव्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही. अपंगत्वाचं कारण सोडून सरकारी सोशल असिस्टन्स (आर्थिक मदत) घेत असाल तरी नाही. पगाराची चिंता लोक उगाच करतात. जोडीदारासाठी किमान उत्पन्नाची अट नाही, ती आईवडिलांना बोलावताना असते. मात्र हमीपत्रावर सही करताना ते वाचा. जोडीदार पीआर झाल्यापासून ३ वर्षं तिच्या खर्चाची जबाबदारी तुमची, आणि मधे घटस्फोट झाला तरी ती संपत नाही. क्वेबेकमध्ये राहणाऱ्यांना प्रांताची वेगळी पायरी आणि वेगळी फी आहे. पुढचं सगळं बाकीच्या कॅनडाला धरून आहे.

एका खड्ड्यात मात्र आपली शिकली-सवरलेली मुलं हटकून पडतात. एक्स्प्रेस एंट्रीचा (कुशल कामगार म्हणून पीआर मिळवण्याचा) अर्ज अविवाहित म्हणून भरला, मधे सुट्टीत गावी जाऊन लग्न उरकलं आणि पीआर होताना ते कळवलं नाही. कायद्याने ती बायको 'न कळवलेली कुटुंबीय' ठरते आणि फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबीयांच्या वर्गातून, तिला स्पॉन्सर करण्याची वाट बंद होते. २०१९ पासून काही जणांना एका तात्पुरत्या सवलतीचा आधार मिळाला आहे, पण त्या भरवशावर राहू नका. पीआर हातात पडलेली नसेल आणि लग्न झालं असेल, तर आजच आयआरसीसीला (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला) वेबफॉर्मने कळवा.

आता नावं. मराठी माणसाचा खरा घोळ इथे आहे. एक नमुना घ्या. पासपोर्टवर अश्विनी सुरेश कुलकर्णी. दहावीच्या मार्कशीटवर कुलकर्णी अश्विनी सुरेश. आधार लग्नानंतर बदललं, तिथे अश्विनी रोहन देशपांडे. आणि गृहप्रवेशाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं 'राधिका', तेव्हापासून सासरचे सगळे, आणि फेसबुकही, राधिकाच म्हणतात. अधिकाऱ्याच्या लेखी या चार बायका आहेत. फॉर्ममध्ये 'दुसरं कुठलं नाव कधी वापरलं का' असा प्रश्न असतो. तिथे माहेरचं, सासरचं, तांदळातलं, सगळी नावं लिहा आणि सोबत अर्ध्या पानाचं इंग्रजी पत्र जोडा: आमच्याकडे मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं असतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. एवढं पुरतं. ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर शेवटी सही म्हणून नाव टाइप करायचं असतं, ते मात्र पासपोर्टवर जसं आहे तसंच, मधल्या नावासकट.

नवं नाव लावायचंच असेल तर पासपोर्ट आधी बदला आणि मग अर्ज भरा, नाहीतर पीआर होईपर्यंत माहेरचंच नाव राहू द्या. स्पॉन्सरशिपसाठी आडनाव बदलावं लागत नाही. अर्ज आत गेल्यावर पासपोर्ट बदलला, तर पोलीस दाखला जुन्या नावावर, बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे आणि फोटो) जुन्या पासपोर्टवर आणि व्हिसा नव्यावर अशी खिचडी होते.

विवाह दाखल्याशिवाय काहीच हलत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली नोंदणी होते, शहरात महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आणि गावात ग्रामसेवकाकडे. नमुना 'ड' वर वधू-वर, पुरोहित आणि ३ साक्षीदारांच्या सह्या लागतात, दाखला नमुना 'ई' मध्ये मिळतो. ९० दिवसांत नोंदवलं तर बरं, उशीर झाला तर दंड भरून होतं. अडचण वेगळीच असते. नवरा तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला, लग्न, पूजा, गोंधळ, देवदर्शन यांत रजा संपते आणि नोंदणी राहून जाते. दोघांनी समोर असावं लागतं, त्यामुळे लग्नाच्या आधीच ऑफिसात जाऊन कागदांची यादी आणा आणि लग्नानंतरचा दुसरा-तिसरा कामाचा दिवस याच कामाला ठेवा. दाखल्यावर सही करण्यापूर्वी इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडा. नंतरच्या दुरुस्तीला किती खेटे पडतील ते सांगता येत नाही.

आधी कोर्ट मॅरेज आणि सहा महिन्यांनी हॉलमध्ये लग्न असं केलं असेल, तर कायद्याने लग्न झालं ती तारीख सगळ्या फॉर्मवर लिहा, समारंभाची वेगळी सांगा. कॅनडाच्या टॅक्स रिटर्नमध्येही त्या तारखेपासून तुम्ही विवाहित आहात. स्पॉन्सर म्हणून 'विवाहित' आणि टॅक्ससाठी 'अविवाहित' ही विसंगती तुम्हीच अधिकाऱ्याच्या हातात देता. व्हिडिओ कॉलवरचं किंवा एक जण हजर नसताना लागलेलं लग्न २०१५ पासून चालत नाही. आधीचं लग्न मोडलं असेल तर कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमनामा जोडा. स्टँप पेपरवर लिहून घेतलेल्या फारकतीवर विसंबू नका.

फॉर्म मुख्यतः पाच. आयएमएम १३४४ हा स्पॉन्सरचा अर्ज आणि हमीपत्र, आयएमएम ५५३२ नात्याची माहिती. हे दोन पीडीएफ भरून चढवायचे. आयएमएम ०००८, ५६६९ आणि ५४०६ थेट पीआर पोर्टलवर भरायचे. आयएमएम ५५३३ ही कागदांची यादी, तीही जोडायची. ५६६९ मध्ये गेल्या १० वर्षांचा महिन्या-महिन्याचा हिशेब मागतात आणि त्यात एक महिनाही कोरा चालत नाही. परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरी बसलेले तीन महिने 'घरी होते' म्हणून लिहायचे. ५४०६ मध्ये सगळी भावंडं येतात, सावत्र आणि वारलेलीही. १३४४ मध्ये एक प्रश्न असतो: तुम्ही स्पॉन्सर म्हणून अपात्र ठरलात तर अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालवायचा? मागे घेतलात तर स्पॉन्सरशिपची फी सोडून बाकी फी परत मिळते. पुढे चालवलात तर फी जाते, पण अपिलाचा हक्क राहतो. पात्रतेबद्दल शंका असेल तर नीट विचार करून खूण करा.

फी ३० एप्रिल २०२४ च्या दरपत्रकाने अशी होती: स्पॉन्सरशिप ८५, प्रोसेसिंग ५४५, पीआरचा हक्क ५७५, मिळून १,२०५ कॅनेडियन डॉलर. बायोमेट्रिक्सचे ८५ वेगळे. दर साधारण दोन वर्षांनी बदलतात, म्हणून भरायच्या दिवशी आयआरसीसीचं पान उघडूनच भरा. पैसे कमी पडले तर अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो.

५५३२ वर मात्र वेळ घालवा. लग्न खरं आहे का, आणि ते मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलं आहे का, असे दोन वेगळे प्रश्न अधिकारी विचारतो. एकाचंही उत्तर विरुद्ध गेलं तरी अर्ज नामंजूर होतो. ठरवून झालेलं लग्न ही कमजोरी नाही, पण ते कसं ठरलं हे क्रमाने सांगावं लागतं. स्थळ कुणी सुचवलं किंवा कुठल्या साइटवर सापडलं, पत्रिका जुळवल्या का, पहिलं व्हिडिओ बोलणं कधी, कांदेपोह्यांना कोण कोण होतं, होकार किती दिवसांनी, याद्या आणि साखरपुडा कधी, लग्नाला अंदाजे किती माणसं, त्यानंतर एकत्र किती दिवस राहिलात. 'घरच्यांनी ठरवलं आणि आम्हाला पसंत पडलं' या एका ओळीत अधिकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तुमच्याकडचे कुणी लग्नाला आले नसतील, वयात मोठं अंतर असेल, जात-धर्म वेगळा असेल किंवा पाहण्यापासून लग्नापर्यंत दहाच दिवस गेले असतील, तर कारण स्वतःहून लिहा. दोघांनी एकमेकांचं लिहिलेलं वाचा. पहिल्या भेटीचा महिना एकाचा मार्च आणि दुसऱ्याचा मे निघतो, हे नेहमीचं आहे.

नात्याचा पुरावा म्हणून फोटो २० पर्यंत आणि चॅट १० पानांपर्यंत. वीसच्या वीस फोटो स्टेजवरचे, फेटा आणि मुंडावळ्यांतले नकोत. साखरपुडा, हळद, घरातली पूजा, सासू-सासऱ्यांबरोबरचं जेवण आणि नंतरच्या भेटी, असे वेगवेगळ्या तारखांचे निवडा आणि खाली कोण, कुठे, कधी ते लिहा. चॅट एकाच आठवड्याचं न देता दर महिन्याचं एखादं पान द्या. त्यात 'जेवलीस का' एवढंच असलं तरी हरकत नाही, सातत्य दिसलं पाहिजे. मराठी मजकुराला इंग्रजी भाषांतर लागतं आणि ते नातेवाइकाने करून चालत नाही. भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्रही जोडा.

पोलीस दाखला म्हणजे पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारं पीसीसी. गावच्या ठाण्यातला दाखला चालत नाही. सध्या राहत्या देशाचा दाखला अर्जाच्या तारखेला ६ महिन्यांहून जुना नको. गेल्या १० वर्षांत सलग ६ महिने किंवा जास्त राहिलेल्या दुसऱ्या प्रत्येक देशाचाही लागतो, दुबईची आठ महिन्यांची नोकरी त्यात आलीच.

बायोमेट्रिक्सचं पत्र आलं की ३० दिवसांत व्हीएफएस या व्हिसा केंद्रात जायचं, आणि मेडिकल आयआरसीसीच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडेच. मधुमेह, रक्तदाब यांना घाबरू नका. उपचारांचा खर्च जास्त होईल या कारणावर जोडीदाराला नाकारता येत नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या टीबीचा डाग दिसला, तर थुंकीच्या कल्चरला सुमारे दोन महिने जातात. आधीचे उपचाराचे कागद शोधून ठेवा.

अर्ज बाहेरच्या देशातून फॅमिली क्लासमध्ये असेल, तर नकारानंतर स्पॉन्सरला ३० दिवसांत अपील करता येतं. कॅनडात एकत्र राहून भरलेल्या 'इन-कॅनडा' वर्गाला हे अपील नाही. फाइल महिनोन् महिने हलली नाही तर ५ डॉलर भरून, जोडीदाराची लेखी संमती जोडून आतल्या नोंदी मागवा. अडलंय काय ते बहुधा तिथेच दिसतं.

पीआरचं पत्र हाती आलं की त्यावरची मुदत बघा. ती वाढवून मिळत नाही, आणि बहुतेकदा ती मेडिकलच्या १२ महिन्यांवर किंवा पासपोर्टच्या मुदतीवर बांधलेली असते. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे यांची फोटो, वर्णन आणि किमतीसह यादी करा आणि नंतर येणारं सामानही कॅनडात उतरताना त्याच वेळी कस्टम्सच्या बीएसएफ १८६ या फॉर्मवर नोंदवा. १०,००० डॉलर किंवा जास्त रोकड असेल तर ती सांगायची. व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो, त्यामुळे पीआर कार्ड पोस्टाने घरी येईपर्यंत भाच्याच्या मुंजीला परत जायचं तिकीट काढू नका.