लॅपटॉपला लॅन केबल जोडताना या चुका टाळा

साताऱ्यात आमच्या जुन्या वाड्याच्या भिंती इतक्या जाड आहेत, की सोप्यातल्या राउटरचं वायफाय माडीवर पोचतच नाही. म्हणून केबल ओढली, आणि पुढच्यातल्या बऱ्याच चुका स्वतः करून बसलो. आता कुणी "केबल लावलीय, पण नेट नाही" म्हणालं, की मी आधी विचारतो: राउटरवर त्या पोर्टचा दिवा लागलाय का?

दिवा नसेल, तर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शिरण्याआधी केबल बघा. कनेक्टर बसताना 'खट्' आवाज यायलाच हवा. क्लिप तुटलेली असेल तर केबल दिसायला बसलेली दिसते, पण लॅपटॉप जरा हलला की सुटते. टेलिफोनची बारीक पिनही या खाचेत शिरते, त्यामुळे फसू नका. आणि केबल राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (जिथे बाहेरून इंटरनेटची लाइन येते) नको, लॅनमध्ये (जिथून घरातल्या उपकरणांना नेट जातं) हवी.

सगळ्यात फसवी चूक मात्र वेगळी. नेट चालतं, पण हळू. माझा प्लॅन 200 एमबीपीएसचा आणि टेस्टमध्ये कायम 94 च्या आसपास. कंपनीकडे तीनदा तक्रार केली, दोष निघाला माझ्या केबलमध्ये. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. 100 एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, चारही लागतात. माझी तपकिरी जोडीतली एक तार क्रिंप करताना, म्हणजे कनेक्टरमध्ये दाबून बसवताना, नीट बसली नव्हती, आणि लॅपटॉप काही न सांगता 100 वर उतरला होता. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट असं गेलात की लिंक स्पीड दिसतो. तिथे 100/100 असेल तर दोन्ही टोकं पुन्हा क्रिंप करा, आणि रंगांचा क्रम दोन्हीकडे एकच ठेवा. यूएसबीचा लॅन अडॅप्टर वापरत असाल तर तोही तपासा, स्वस्तातले बरेच 100 चेच असतात.

केबल घेताना तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार वाकवली की मोडते. कॅट 5ई दर्जाची केबल घरासाठी पुरेशी आहे, फक्त 100 मीटरच्या पुढे ओढू नका.

दिवा लागलाय, तरी नेट नाही? इथरनेटच्या त्याच पानावर आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला लॅपटॉपचा पत्ता, बघा. 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. राउटर बंद करून चालू करा. ऑफिसात कुणी हाताने आयपी भरून ठेवला असेल, तर तो ऑटोमॅटिकवर आणा.

गच्चीवरून किंवा बाहेरून केबल नेली असेल, तर वळवाचे ढग गडगडायला लागले की ती लॅपटॉपमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, वीज तारेवाटेही आत येते.