एक्सेलचा तक्ता शेवटी उघडा

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी विषय घेतला होता, बांगलादेशानं कोणत्या क्षेत्रांना प्राधान्य द्यावं. दहा क्षेत्रं, सहा निकष, प्रत्येक निकषाला वजन, म्हणजे तो किती महत्त्वाचा याचा आकडा. तयार कपडे पहिले आले आणि मी खूश. मॅडमनी रोजगाराचं वजन तीसवरून पंधरावर आणायला लावलं. कपडे घसरले. "तीस कुठून आणलं होतंस?" मला सांगता येईना. खरं तर पहिला नंबर कुणाचा हे आधीच ठरवून मी तीस टाकलं होतं.

तेव्हा नवीन मंडळींनो, आधी एका क्षेत्राचा इतिहास वाचा. 1970 च्या दशकाच्या शेवटी चितगावच्या देश गारमेंट्सनं दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला, सुमारे 130 जण कोरियात शिकून आले. पुढं त्यातल्या बहुतेकांनी कंपनी सोडली, कुणी दुसरीकडे गेले, कुणी स्वतःचे कारखाने काढले. धंदा पसरला तो असा. देवूला तरी चितगाव का आठवलं? कोरियाच्या कपड्यांवर श्रीमंत देशांचा कोटा, म्हणजे आयातीची मर्यादा होती, बांगलादेशावर तेव्हा नव्हता. शिवाय बाँडेड वेअरहाऊसमुळे, म्हणजे निर्यातीसाठीचा माल शुल्क न भरता ठेवायच्या गोदामामुळे, आयात कापडावर शुल्क नाही, आणि निर्यातीच्या ऑर्डरवर बँक कापडासाठी पत उघडून देई. म्हणजे खिशात फारसं भांडवल नसलेला माणूसही उभा राहू शकला. यातलं काहीच माझ्या सहा निकषांत नव्हतं.

दुसरी चूक, 'तयार कपडे' ही एकच ओळ. अर्थशास्त्रज्ञ हर्शमननं 1958 मध्ये मांडलेले मागचे-पुढचे दुवे, म्हणजे एखादं क्षेत्र माल कुणाकडून घेतं आणि कुणाला देतं, ते तपासताना ती फुटली. होजियरीचं (टी-शर्टसारख्या विणलेल्या कपड्यांचं) सूत-कापड बरंचसं देशात बनतं, शर्ट-पँटचं कापड मोठ्या प्रमाणात बाहेरून येतं, आणि कापूस तर जवळजवळ सगळाच आयात. कोणतं क्षेत्र कुणाकडून किती माल घेतं हे दाखवणारे इनपुट-आउटपुट तक्ते कंटाळवाणे असतात, पण हे तिथंच सापडतं.

टिकाऊपणाचा रकाना बहुतेक जण शेवटी, घाईत भरतात. मीही तेच केलं. निर्यातीत 80 टक्क्यांहून जास्त वाटा एकाच क्षेत्राचा, हा धोका मी चक्क 'ताकद' म्हणून मोजला होता. रंगाईला लागणारं भूजल कुठंच नव्हतं. 2013 मध्ये राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसं गेली, तेही नव्हतं.

शेवटी तीन वेगळ्या वजनांचे तीन तक्ते शेजारी शेजारी छापले आणि प्रत्येकाखाली ती वजनं का घेतली ते लिहिलं. तोंडी परीक्षेत सगळे प्रश्न त्या चार-पाच ओळींवरच आले.