अ‍ॅस्टरिस्क टाकताना इन्स्टॉलेशन अडकलंय? मारून टाकण्याआधी ते कोणाची वाट बघतंय ते बघा

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सवर अ‍ॅस्टरिस्क हे कॉम्प्युटरलाच टेलिफोन एक्सचेंज बनवणारं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं की सुरुवातीला सगळं धडाधड पुढे सरकतं, पॅकेजेसच्या ओळीच्या ओळी पळतात आणि मग एका जागी येऊन ठप्प. सीपीयू शांत, नेट शांत, डिस्कचा दिवा पण बंद. बरेच जण दहा मिनिटं थांबून कंट्रोल-सी मारतात आणि खरा ताप तिथून सुरू होतो. म्हणून आधी एवढंच सांगतो की हात आवरा, बहुतेक वेळा ते अडकलेलं नसतं, त्याने तुम्हाला एक प्रश्न विचारलाय आणि ते उत्तराची वाट बघत बसलंय.

प्रश्न असतो टेलिफोन कोडचा. लिबव्हीपीबी नावाची एक लायब्ररी आहे, ऑस्ट्रेलियातल्या व्हॉइसट्रॉनिक्स कंपनीच्या टेलिफोनी कार्डांसाठीची, पॅकेजच्या नावात शेवटी ० किंवा १ आकडा असतो. अ‍ॅस्टरिस्क सोर्सवरून बिल्ड करणारे लोक आधी त्याच्या कॉन्ट्रिब फोल्डरमधली इन्स्टॉल-प्रीरेक ही स्क्रिप्ट चालवतात ना, ती जी लांबलचक यादी ओढते त्यात बऱ्याच आवृत्त्यांमध्ये ही लायब्ररी पण येते. तुमच्याकडे ते कार्ड असो वा नसो, कॉन्फिगर होताना ती विचारणार की हे मशीन कुठल्या देशात आहे, तिथला आयटीयू-टी टेलिफोन कोड, म्हणजे देशाचा फोन कोड द्या. भारतासाठी ९१. पुढे प्लस नको, शून्य नको, नुसतं ९१.

समोर स्क्रीन दिसत असेल तर काम दोन सेकंदाचं आहे, कोड टाका, टॅब दाबून ओके वर जा, एंटर मारा. माउसच्या नादी लागू नका, क्लिक करत बसलं की वाटतं हँग झालंय. पुट्टीवरून (विंडोजवरून सर्व्हरवर शिरायचा प्रोग्राम) लॉगिन केलं असेल तर कधीकधी त्या चौकटीच्या रेघांच्या जागी क्यू आणि एक्स ही अक्षरं ओळीने दिसतात, म्हणजे स्क्रीनभर क्यू क्यू क्यू क्यू, आणि नवीन माणूस घाबरतो की काहीतरी करप्ट झालं. काही झालेलं नसतं, फक्त रेघा नीट काढता आल्या नाहीत, टॅब आणि एंटर तसंच चालतं.

त्रास होतो प्रश्न दिसतच नाही तेव्हा. मी एका पतसंस्थेच्या इंटरकॉमसाठी रात्री घरून एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, सर्व्हर लावत होतो, सगळं एका शेल स्क्रिप्टमध्ये टाकलेलं आणि आउटपुट लॉग फाइलमध्ये वळवलेलं, कारण सकाळी कोणी विचारलं तर दाखवायला हवं. स्क्रिप्ट सुरू केली, जेवायला गेलो, पाऊण तासाने आलो तर जिथे होतं तिथेच. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पीएस -ईएफ --फॉरेस्ट दिलं (कमांड मी फोनवर सांगतो तशाच लिहितोय, टाइप करताना इंग्रजीतच करा) तर झाडासारखी यादी आली, वर एपीटी-गेट (पॅकेजेस उतरवून आणणारा), त्याखाली डीपीकेजी (ती बसवणारा), त्याखाली डेबकॉन्फचं (पॅकेजांचे प्रश्न विचारणारा) फ्रंटएंड आणि सगळ्यात खाली व्हिपटेल. व्हिपटेल म्हणजे ती चौकट काढणारा प्रोग्राम. तो दिसला की समजायचं, कुठेतरी एक प्रश्न उघडा पडलाय आणि तो तुमच्यापर्यंत पोचलेला नाही. ही एक कमांड पाठच करून ठेवा, अशा वेळी हिच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

आणि मला वाटायचं आपण एपीटी-गेटला -वाय दिलंय म्हणजे सगळ्याला हो. तसं नाहीये हो. ते -वाय फक्त एपीटीच्या "इन्स्टॉल करू का" या प्रश्नाला उत्तर देतं, पॅकेज स्वतः जे विचारतं ते डेबकॉन्फकडून येतं आणि त्याला -वाय चं काही पडलेलं नाही. डेबकॉन्फला गप्प करायचं तर डेबियन-फ्रंटएंड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नॉन-इंटरॅक्टिव्ह असा ठेवायचा (नाव सगळं कॅपिटलमध्ये, मध्ये अंडरस्कोर, किंमत स्मॉलमध्ये एकसंध), मग ते डीफॉल्ट उत्तर घेऊन पुढे जातं. इथे एक खड्डा आहे, आधीच्या ओळीत एक्सपोर्ट करून खाली सुडो (रूटच्या हक्काने कमांड चालवणारं) लावलं तर सुडो साधारणपणे तो व्हेरिएबल टाकून देतं, म्हणून तो सुडोच्या नंतर, एपीटी-गेटच्या आधी, त्याच ओळीत लिहायचा. डॉकरफाइलमध्ये तो रनच्या ओळीतच द्या, एन्व्ह करून इमेजमध्ये कायमचा ठेवू नका, नाहीतर नंतर आत शिरून हाताने काही कॉन्फिगर करायला गेलं की प्रश्नच येत नाहीत आणि का येत नाहीत ते कळत नाही. अ‍ॅन्सिबलवाल्यांना ही चिंता नाही, त्याचं एपीटी मॉड्यूल हे आपोआप करतं.

डीफॉल्ट नको, ९१ च हवं असेल तर उत्तर आधीच भरून ठेवता येतं. डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स ला एक ओळ पाइप करायची, तिच्यात चार गोष्टी, पॅकेजचं नाव, प्रश्नाचं नाव, स्ट्रिंग हा शब्द आणि ९१. प्रश्नाचं नाव अंदाजाने लिहू नका, जिथे हे पॅकेज आधीच बसलंय अशा मशीनवर सुडो लावून डेबकॉन्फ-शो आणि पुढे पॅकेजचं नाव द्या, ते जसं दाखवेल तसंच उचला. एक अक्षर चुकलं तर तक्रार येईलच असं नाही, आणि प्रश्न परत उभा.

आता ज्यांनी कंट्रोल-सी मारूनच टाकलंय त्यांच्यासाठी. पॅकेज अर्धवट कॉन्फिगर झालेलं असतं, आणि पुढचं एपीटी म्हणतं लॉक मिळत नाही. लॉकची फाइल डिलीट करू नका, कितीही ठिकाणी लिहिलेलं असलं तरी. आधी पीएस ने बघा जुनं डीपीकेजी अजून जिवंत आहे का. एसएसएच तुटलं आणि मागे ते तसंच बसून राहिलं असंही होतं. डेबकॉन्फचा स्वतःचा पण लॉक असतो, /व्हार/कॅश/डेबकॉन्फ फोल्डरमधल्या कॉन्फिग-डॅट फाइलवर, फ्यूझर -व्ही देऊन ती कोणी धरलीय ते कळतं, त्या प्रोसेसला साधा किल द्या, मग सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए. यावेळी प्रश्न समोर दिसेल, उत्तर द्या, झालं. पुढच्या वेळी मात्र टीमक्स किंवा स्क्रीन (एसएसएच तुटलं तरी काम चालू ठेवणारे प्रोग्राम) मध्ये बसूनच सुरू करा.

व्हिपटेल दिसलंच नाही किंवा प्रश्न दुसराच निघाला तर गोष्ट वेगळी. उबुंटू २२.०४ वर नीडरीस्टार्ट "कुठल्या सर्व्हिस रीस्टार्ट करू" असं विचारत थांबतं, त्याला नीडरीस्टार्ट-मोड हा व्हेरिएबल (हाही कॅपिटलमध्ये, मध्ये अंडरस्कोर) ए असा द्यायचा, ए स्मॉलमध्ये. जुनी कॉन्फिग फाइल ठेवू की नवी, हा प्रश्न थेट डीपीकेजीचा, तो नॉन-इंटरॅक्टिव्हने गप्प होत नाही, त्याला फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड हे पर्याय लागतात. आणि खरंच कार्ड बसवलेलं असेल, थांबलंय दाहदी (टेलिफोनी कार्डांचे ड्रायव्हर) सेट होताना, तर डीमेसेज (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) बघा, कार्डाचा ड्रायव्हर लोड होताना अडकलाय का ते तिथे कळतं.

शेवटची गोष्ट, ही मी लोकांना फार वेळा समजावलीय. तिथे ९१ दिलं म्हणजे अ‍ॅस्टरिस्क भारताचं झालं असं नाही, ते उत्तर फक्त त्या व्हॉइसट्रॉनिक्स कार्डांपुरतं. फोन उचलल्यावर आपला ओळखीचा डायल टोन हवा असेल तर इंडिकेशन्स-कॉन्फ फाइलमध्ये कंट्री ची किंमत आयएन (इंडिया) करा, मूळ फाइलमध्ये तिथे यूएस असतं. दाहदी वापरत असाल तर सिस्टम-कॉन्फ मध्ये लोडझोन आणि डीफॉल्टझोन दोन्ही आयएन. मग अ‍ॅस्टरिस्कच्या कन्सोलवर इंडिकेशन शो आयएन देऊन बघा, डायलच्या ओळीत ४०० आणि २५ हे आकडे दिसले की बरोबर लागलंय.