आमच्या चौघांचं एक बॅरल

फ्रान्समध्ये बोर्डोला वाईन शिकायला आलेल्याला पहिल्याच वर्षी एक खूळ लागतं: आपली स्वतःची वाईन करायची. आम्ही चौघं होतो. दोन फ्रेंच पोरं, एक चिलीची आणि निफाडकडचा मी. दोस्ती जमली तीच आवडीवरून. सगळ्यांना मर्लो या काळ्या द्राक्षाची वाईन प्यारी, लाकडाचा वास नावडता.

हिशोब सोपा आहे. बॅरल 225 लिटरचं, म्हणजे 300 बाटल्या; द्राक्षं साधारण 300 किलो. कागदपत्रं मात्र विद्यार्थ्याच्या आवाक्यातली नाहीत, कारण विकायची वाईन करायला कस्टम्सकडे नोंद लागते. म्हणून एखाद्या बागायतदाराला गाठा. आम्ही सेंत एमिलियोंजवळच्या एकाकडे तोडणीला गेलो आणि त्याच्या तळघराचा कोपरा मागितला. वाईन त्याच्याच नावाने, ‘व्हॅन द फ्रान्स’ म्हणून. त्या लेबलावर गाव येत नाही, पण द्राक्षाची जात आणि वर्ष छापता येतं. स्टुडंट व्हिसावर वर्षाला 964 तासच काम करता येतं, तेवढं मोजत राहा.

भांडण झालं ते तोडणीच्या तारखेवरून. आम्ही घरी जीएमध्ये, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या औषधात, घड बुडवून मणी फुगवणारी माणसं. इथे मणी बारीक आणि सालीला रंग हवा. बागायतदाराने मणी तोंडात टाकला, गर गिळला, साल चघळली आणि बी कडकन फोडली. आमच्या थॉमसन जातीच्या द्राक्षाला बीच नसते, त्यामुळे मला हे नवीन. हिरवी बी जीभ आखडवते. तपकिरी बी भाजल्यासारखी लागते. माझ्या हातात अर्धी हिरवी, अर्धी तपकिरी आली. दोघं म्हणाले आज तोडू, दोघं म्हणालो आठवडाभर थांबू. तयार बाटलीवर कधी मतभेद नव्हता, पण बी चावल्यावर चौघांच्या चार आवडी निघाल्या. शेवटी पावसाचा अंदाज आला आणि तोडलं.

रस आंबायला लागला की साली वर येतात. त्या थराला तिथे शापो, म्हणजे टोपीच म्हणतात. दिवसातून तीनदा ती खाली दाबायची. तळघरात दार उघडं ठेवल्याशिवाय पाऊल टाकू नका. कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो आणि माणूस जागीच कोसळतो. विहिरीत उतरण्याआधी आपल्याकडे कंदील सोडत, तशी तिथे मेणबत्ती नेत.

आमची खरी चूक नाताळात झाली. बॅरलमधली वाईन लाकडातून उडत राहते, म्हणून ते काठोकाठ भरत राहावं लागतं. सुट्टीत प्रत्येकाला वाटलं दुसरा भरेल. परतलो तर वर पांढरी साय. थोडी वाईन टाकावी लागली, थोडी चाखण्यात गेली. पाळीपत्रक पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा.

280 बाटल्या भरल्या. बागायतदाराकडून रीतसर विकत घेतल्या, प्रत्येकी 70. भारतात येताना ड्यूटीशिवाय 2 लिटरच आणता येते, म्हणून दोन आणल्या. माझ्या बाकीच्या 68 अजून चिलीवालीच्या पलंगाखाली आहेत.